डिप्लोमा सोडू देऊ नका, हातात बॅटरी द्या

भांडुपहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगा पॉलिटेक्निकला, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आजी श्रीवर्धनला होती आणि चार दिवस तिचा फोन लागला नाही. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच, आपत्तीनंतर मदतकार्यासाठी तात्पुरतं नेटवर्क उभं करायचं. आता डिप्लोमा सोडून सहा महिन्यांचा आपत्ती व्यवस्थापनाचा कोर्स करतो म्हणतोय. 'यात पगार असतो का, की नुसती समाजसेवा?' असं त्या विचारतात.

ताई, नमस्कार.

पगार असतो. पण या कामाला कोरा मुलगा कुणी घेत नाही; आधी टेलिकॉममध्ये हात काळे केलेला माणूस लागतो. म्हणून डिप्लोमा सोडायचा विषयच काढू नका. सहा महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या एका क्लासमध्ये माझ्याकडच्या एका मुलाचे पैसे गेलेत, म्हणून जरा तोडून लिहितोय.

वादळात टॉवर दरवेळी कोसळतोच असं नाही. बऱ्याचदा वीज जाते, टॉवरखालची बॅटरी काही तासांत संपते, जनरेटरचं डिझेल संपतं आणि रस्ता बंद असल्यामुळे नवं पोचत नाही. कुठे जमिनीखालची फायबर केबल तुटते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा मुंबईत हातात मोबाइल असूनही घरी कळवता येत नव्हतं, आठवत असेल. अशा ठिकाणी पथक व्हीसॅटची डिश लावून उपग्रहावरून नेट आणतं, छावणीत वायफाय पसरवतं, डॉक्टर आणि कंट्रोल रूमला वॉकीटॉकी देतं. आणि हे सगळं विजेवर चालतं.

त्याची खरी परीक्षा इथेच आहे. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी त्याच्यापुढे ठेवा. बाराला साताने गुणलं की ८४ वॅट-तास. राउटर १० वॅट खात असेल तर कागदावर आठ तास. पण ही बॅटरी पूर्ण उतरवली तर लवकर मरते, म्हणून हिशोब चारच तासांचा. मग रात्रभरासाठी किती बॅटऱ्या, त्या उचलणार कोण, सकाळी चार्ज कशावर? हे गणित त्याला कंटाळवाणं वाटलं तर हे काम त्याचं नाही. वहीत आकडे मांडत बसला, तर आहे.

दुसरं, हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी लोकांनी चालवायच्या बिनतारी संचाचं, लायसन्स. दूरसंचार विभागाची परीक्षा असते, वयाची १२ वर्षं पूर्ण लागतात, रिस्ट्रिक्टेड या खालच्या ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) लागत नाही. डिसेंबर २००४ मध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम सहकारी वेगळ्याच कामासाठी पोर्ट ब्लेअरला होते. त्सुनामी आली आणि त्यांच्या रेडिओवरून अंदमानातले निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. (सॅटेलाइट फोन मात्र परवानगीशिवाय मागवू देऊ नका. आपल्याकडे तो गुन्हा आहे.)

आता पोटापाण्याचं. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंग, किंवा टॉवर नाहीतर व्हीसॅट कंपनीत फील्डवर दोन-तीन वर्षं. भर पावसात मास्टवर, म्हणजे अँटेनाच्या खांबावर, चढून कनेक्टरला टेप गुंडाळली की जे कळतं ते वर्गात कळत नाही. वर्दी हवी असेल तर एनडीआरएफमध्ये (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात) थेट भरती नाही, जवान केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात. पण सीमा सुरक्षा दलात रेडिओ ऑपरेटर आणि रेडिओ मेकॅनिकची भरती निघते. परदेशी कामाचं स्वप्न असेल तर १९९८ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेली टेलिकॉम्स सां फ्रोंतिएर ही संस्था हेच काम करते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने जागतिक अन्न कार्यक्रम ही जबाबदारी सांभाळतो. तिथे इंग्रजी आणि अनुभव दोन्ही मोजतात. आपत्ती व्यवस्थापन शिकायचंच असेल तर पदवीनंतर देवनारला टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत), घाई नाही.

एक केटी आहे, म्हणजे एक विषय राहिलाय, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, विषय लिहिला नाहीत. तेवढा कळवा. गणित असेल तर बॅटरीचा हिशोब आधी करून घ्या, मग बोलू.