कोपऱ्यातला सर्व्हर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरातल्या दोन फोनचे मिळून ३८० जीबी फोटो झालेत. दर महिन्याला क्लाउडचे पैसे भरण्यापेक्षा २०१६ सालचा लॅपटॉप पडून आहे तो सर्व्हर म्हणून वापरावा म्हणतो. आय-५, ८ जीबी रॅम, विंडोज १०. चालेल, की नवा मिनी पीसी घेऊ?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : चालेल. मिनी पीसीचे पैसे डिस्क आणि यूपीएसवर घाला. टीव्हीवर मोठे फोर-के व्हिडिओ चालताचालता बदलून पाठवायचे असते, तर इंटेल एन-१०० चा डबा सुचवला असता. नुसत्या फोटोंना जुना आय-५ पुष्कळ झाला.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ते काढून डेबियन ही मोफत लिनक्स टाका, डेस्कटॉपशिवाय. लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी २५६ जीबीची साटा एसएसडी बसवा. झाकण मिटलं की मशीन झोपतं, म्हणून लॉगइन-डी या लिनक्सच्या सेवेच्या सेटिंगमध्ये झाकणाची कृती ‘इग्नोर’ करा. बॅटरीकडे मात्र नीट बघा. १०० टक्क्यांवर, मे महिन्याच्या उकाड्यात, वर्षानुवर्षं प्लगला लावलेली बॅटरी फुगते. टचपॅड वर आला किंवा टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगू लागला, की ती काढून ई-कचऱ्यात द्या. टोचू नका, दाबून बसवू नका. बॅटरी धड असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) चार्जिंगची मर्यादा ६० किंवा ८० टक्के करता येते का ते पाहा. बऱ्याच मॉडेलांत येते.

विजेचा हिशेब सोपा आहे. पडदा बंद असलेला लॅपटॉप निवांत असताना साधारण १० वॅट घेतो. १० वॅट गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस, म्हणजे ७.२ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर महिना ८६ रुपये. तेच काम ६० वॅटच्या जुन्या डेस्कटॉपला दिलंत तर ४३ युनिट, म्हणजे पाचशेच्या वर. ‘डेस्कटॉप फुकट मिळाला’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

फोटोंसाठी इमिच घ्या. डॉकरवर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवणाऱ्या सोयीवर) चढतं, फोनमधून आपोआप फोटो उचलतं, चेहरे ओळखतं. फोटो २ टीबीच्या यूएसबी डिस्कवर ठेवा, पण त्याचा डेटाबेस एसएसडीवरच राहू द्या. यूएसबी डिस्क एक्सटी-फोर या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करा. दुकानातून येते तशी एक्सफॅट ठेवलीत तर लिनक्सच्या परवानग्या टिकत नाहीत, आणि लिहिताना लाईट गेली तर फाइल्सची यादीच बिघडू शकते. पहिल्यांदा सगळे फोटो चढवले की चेहरे आणि छोट्या प्रतिमा तयार करायला तुमच्या प्रोसेसरला एक-दोन दिवस लागतील. पंखा ओरडत राहील. अडकलंय समजून रीस्टार्ट करत बसू नका. अँड्रॉइडवर त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळायला विसरू नका, नाहीतर दोन दिवसांनी फोटो चढायचे थांबतात आणि घरची मंडळी सर्व्हरच्या नावाने बोटं मोडतात.

आता खरा मुद्दा. हे सगळं उभं राहिलं तरी अजून तुमचा बॅकअप झालेला नाही, फोटोंनी फक्त घर बदललंय. क्लाउड रिकामा करण्याआधी दुसरी डिस्क घ्या. इथे एक चूक फार होते, ती बारकाईने सांगतो. लोक रोज रात्री आरसिंक या कॉपी करणाऱ्या आज्ञेने पहिल्या डिस्कची प्रत दुसरीवर काढतात आणि ‘डिलीट’ हा पर्याय लावतात, म्हणजे इकडे पुसलेलं तिकडेही पुसलं जावं. एका रात्री पहिल्या डिस्कची वायर सैल होते, मशीन रीस्टार्ट होतं, डिस्क जोडली जात नाही. तिच्या जागी उरतं एक रिकामं फोल्डर. आरसिंक इमानदारीने त्या रिकाम्या फोल्डरची हुबेहूब प्रत काढतं, आणि सकाळी दुसरी डिस्कही स्वच्छ झालेली असते. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ‘माउंटपॉइंट’ आज्ञेने डिस्क खरंच जोडलेली आहे का ते तपासा, नसेल तर तिथेच थांबा. त्याहून बरं म्हणजे रेस्टिक हे बॅकअपचं सॉफ्टवेअर वापरा. ते जुन्या आवृत्त्या सांभाळतं. ७ रोजच्या, ४ दर आठवड्याच्या, ६ दर महिन्याच्या ठेवल्या तरी फोटोंच्या बाबतीत जागा फारशी वाढत नाही, कारण जुने फोटो बदलत नसतात. रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो हरवला तर प्रत असून नसल्यासारखी.

बॅकअपमध्ये फोटोंचं फोल्डर आणि डेटाबेसची प्रत, दोन्ही हवं. नुसते फोटो परत आले तर अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं गेली. तिसरी डिस्क घराबाहेर : डोंबिवलीला बहिणीकडे ठेवा, गणपतीत आणि दिवाळीत बदला. आणि सहा महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून वीस-पंचवीस फोटो काढून उघडून पाहा. जो बॅकअप कधी उघडून पाहिलाच नाही, त्याला मी बॅकअप धरत नाही.

प्रश्न : ६०० व्हीएचा यूपीएस लावला आहे. लाईट गेल्यावर सर्व्हर तासभर चालतो आणि बदकन बंद पडतो. दोनदा डिस्क तपासणी करावी लागली. यूपीएसला यूएसबी पोर्ट नाही. नवा घ्यावा का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : लगेच नको. तुमच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासांची बॅटरी आहे, म्हणजे ८४ वॅट-तास. २५ वॅटच्या लोडला कागदावर तीन तास मिळायला हवेत. पण यूपीएस स्वतःच त्यातली बरीच शक्ती खातो आणि बॅटरी तळापर्यंत उतरवता येत नाही, तेव्हा नव्या बॅटरीवर तास-सव्वा तास मिळाला तरी समाधान माना. दोन उन्हाळे गेले की हा वेळ आणखी उतरतो. रबाळे-महापेच्या डेटा सेंटरना वेगवेगळ्या वाहिन्या आणि जनरेटर असतात. आपल्याला महावितरणची एकच वायर, तेव्हा वेळेत नीट बंद होणं हेच आपलं काम.

पोर्ट नसलेल्या यूपीएसला एक देशी उपाय आहे. एखादा वाय-फाय स्मार्ट प्लग यूपीएसवर न लावता सरळ भिंतीच्या सॉकेटला लावा आणि राउटरमधून त्याला कायमचा आयपी पत्ता द्या. राउटर मात्र यूपीएसवर हवा. सर्व्हर दर मिनिटाला त्या प्लगला पिंग करेल, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारेल. सलग दहा मिनिटं उत्तर आलं नाही, म्हणजे लाईट गेली. लगेच शटडाउन. दोन-तीन मिनिटांवर ठेवू नका, कारण वाय-फायने नुसता डोळा मिटला तरी सर्व्हर झोपी जाईल.

आता यातली खोच. बायोसमध्ये ‘वीज परत आली की चालू हो’ हा पर्याय तुम्ही लावाल, तरी सर्व्हर उठणार नाही. कारण सर्व्हर स्वतःहून बंद झाला तेव्हा यूपीएस अजून चालूच होता. यूपीएसची बॅटरी संपण्याआधी लाईट आली, तर सर्व्हरच्या लेखी वीज कधी गेलीच नाही. म्हणून बंद करताना साध्या शटडाउनऐवजी ‘आरटीसीवेक’ वापरा आणि दोन तासांनी, म्हणजे ७२०० सेकंदांनी, उठायचा गजर लावून बंद करा. उठल्यावर प्लग अजून गप्प असेल तर स्क्रिप्ट त्याला पुन्हा झोपवेल. बायोसचा पर्यायही राहू द्या. बॅटरी पूर्ण संपली तर तो कामाला येतो. शनिवारी दुपारी यूपीएसची पिन आणि तो स्मार्ट प्लग, दोन्ही भिंतीतून उपसून एकदा पूर्ण रंगीत तालीम करा.

प्रश्न : राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, तरी बाहेरून घरचा सर्व्हर उघडत नाही.
— एक वाचिका, खारघर

उत्तर : राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात : एकच सार्वजनिक पत्ता कंपनी अनेक घरांत वाटते. तुमच्या राउटरमध्ये कितीही दारं उघडा, सोसायटीचं गेट बंदच आहे. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा कंपनीच्या डब्यामागे तुमचा स्वतःचा राउटर आहे. मग डबा ब्रिजमध्ये टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसती लाइन पुढे देईल.

सीजीनॅट असेल तर टेलस्केल हे खाजगी जाळं (व्हीपीएन) लावा, सर्व्हरवर आणि फोनवर. दहा मिनिटांचं काम आहे, पोर्ट उघडावा लागत नाही, घरगुती वापराला फुकट आहे. कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतलात, तरी फोटोंचं पान उघड्यावर ठेवू नका. वायरगार्ड या व्हीपीएनचा एकच यूडीपी पोर्ट, नेहमीचा ५१८२०, उघडा. ज्याच्याकडे चावी नाही त्याला तो उत्तरच देत नाही. आणि ‘मी यूएफडब्ल्यूने (लिनक्सच्या फायरवॉलने) सगळं बंद केलंय’ या भरवशावर राहू नका. डॉकर स्वतःचे नियम घुसवतो आणि त्याने प्रकाशित केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला बाजूला सारून उघडा राहतो. ज्या कंटेनरला बाहेरचं काम नाही त्याचा पोर्ट १२७.०.०.१ ला, म्हणजे त्याच मशीनच्या आतल्या पत्त्याला, बांधा.

प्रश्न : सर्व्हरच्या पत्र्याच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. घर सिडकोच्या जुन्या इमारतीत आहे. मशीन खराब आहे का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : मशीन नव्हे, बहुधा अर्थिंग. एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमध्ये) लाईन आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून येणारा अगदी किरकोळ करंट अर्थिंगच्या वायरने निघून जायचा असतो. ती वायर भिंतीत कुठेही जोडलेली नसली, की बॉडी साधारण निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. त्या झिणझिण्यांनी सहसा इजा होत नाही, पण एचडीएमआय किंवा नेटवर्कची पिन लावताना ठिणगी उडून पोर्ट जळू शकतो. आणि उद्या आत खरंच वायर बॉडीला चिकटली, तर वाचवायला अर्थिंग नाही.

वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटरने सॉकेटवर मोजायला सांगा. लाईन ते अर्थ २३० च्या जवळ, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. आकडा बरोबर आला तरी, मल्टिमीटरला कच्ची अर्थिंगही बरी दिसते, म्हणून टेस्ट लॅम्प लाईन आणि अर्थ यांच्यात लावून बघायला सांगा. ईएलसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो ट्रिप होईल, होऊ द्या. सॉकेटच्या आत न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडून ‘झालं साहेब’ म्हणणारा कोणी भेटला, तर ते लगेच काढायला लावा. न्यूट्रल तुटला की कॅबिनेटवर पूर्ण २३० येतं.

प्रश्न : घरभरच्या जाहिराती अडवणारं पाय-होल लावलं, तरी जाहिराती दिसतातच. यूट्यूबवर तर सगळ्याच.
— एक वाचक, नौपाडा

उत्तर : यूट्यूबचं सोडून द्या. तिथे जाहिरात आणि व्हिडिओ एकाच पत्त्यांवरून येतात, आणि पाय-होल ज्यावर चालतं त्या डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, फरक कळत नाही. बाकीच्यांसाठी राउटरमधला दुसरा डीएनएस पाहा. ‘असू दे आधाराला’ म्हणून तिथे गूगलचा ८.८.८.८ टाकला असेल, तर फोन मनाला येईल तेव्हा तिकडे जातो. तो काढा. अँड्रॉइडमधला प्रायव्हेट डीएनएस बंद करा. तरी गळती राहिली तर राउटर आयपीव्ही-६ वरून स्वतःचा डीएनएस वाटतोय.

प्रश्न : सर्व्हर ते बेडरूम कॅट-६ वायर आहे, तरी कॉपी ११ एमबीच्या वर जात नाही.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ११ म्हणजे जोडणी १०० एमबीपीएसवर उतरली आहे. १०० ला चारांपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. कुठली तरी एक तुटली आहे किंवा टोकाला नीट दाबलेली नाही. दोन्ही टोकांचे आरजे-४५ कापून नवे क्रिम्प करा, पन्नास रुपयांचं काम. तरीही तसंच राहिलं तर वायर सोलून तारेवर ब्लेड घासा. आतून चांदीसारखी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे, आणि पाइपात ओढताना मोडली असणार. नवी ओढताना ‘शुद्ध तांबं’ असं बिलावर लिहून घ्या. लॅमिंग्टन रोडवर दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी ठेवलेले असतात.

प्रश्न : रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकाला लावलेली यूएसबी हार्ड डिस्क मध्येच गायब होते.
— एक वाचिका, नेरूळ

उत्तर : फोनचा चार्जर लावला असणार. पाय ५ ला ५ व्होल्ट ५ ॲम्पिअर लागतात. ३ ॲम्पिअरवर तो चारही यूएसबी पोर्टना मिळून फक्त ६०० मिलिॲम्पिअर देतो, आणि डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त मागते. २७ वॅटचा अधिकृत अडॅप्टर घ्या, नाहीतर डिस्कला वेगळी वीज देणारा यूएसबी हब.