शब्दचर्चा: ‘कन्सेप्ट कार’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: १९५०च्या दशकातल्या अमेरिकन कन्सेप्ट कार्सवरचा एक लेख मराठीत आणायचाय, तर ‘संकल्पना कार’ लिहू, ‘प्रतिकृती’ लिहू की ‘स्वप्नातली गाडी’? आणि डिझायनरचं जे ‘ओरिजिनल व्हिजन’ असतं त्याला ‘दूरदृष्टी’ चालेल का?

कन्सेप्ट कार म्हणजे विकायला नाही, तर नवी कल्पना दाखवायला किंवा तपासायला कंपनीनं केलेली गाडी. ‘प्रतिकृती’ पहिल्यांदा बाद करा. प्रतिकृती म्हणजे आधीपासून असलेल्या वस्तूची नक्कल, दिवाळीत पोरं रायगडाची करतात तशी. इथे नक्कल करायला मूळ वस्तूच नाही, उलट हीच पहिली आणि बहुतेक वेळा शेवटची.

‘संकल्पना कार’ चूक नाही, पेपरवाले ऑटो एक्स्पोच्या बातम्यांत सर्रास वापरतात. मला त्याला अभ्यासक्रमाच्या पुस्तकाचा वास येतो हे सोडा, पण खरी अडचण वेगळी आहे, त्या काळात या गाड्यांना कन्सेप्ट कार म्हणायची फारशी पद्धतच नव्हती. जनरल मोटर्सच्या मोटोरामा प्रदर्शनात लोक बघायला जायचे ते ‘ड्रीम कार’, क्रायस्लरवाले म्हणायचे ‘आयडिया कार’, आणि जीएमच्या आत कागदोपत्री ‘एक्सपी’ नंबर चालायचे, म्हणजे प्रायोगिक. तीन शब्द आणि तीन वेगळे हेतू, त्या सगळ्यांवर एकच ‘संकल्पना’ थापली की गंमत जाते.

या प्रकारातली पहिली म्हणून नाव घेतात ते १९३८च्या ब्युइक वाय-जॉबचं. हार्ली अर्ल हा जीएमचा स्टायलिंगचा प्रमुख, त्यानं ती करून घेतली आणि नंतर स्वतःच वर्षानुवर्षं रोज वापरली. नावातला ‘वाय’ कुठून आला तर प्रयोगाला सगळे ‘एक्स’ लावायचे, म्हणून त्याच्या पुढचं अक्षर. मग १९५१ची ल सेबर, नाव थेट सेबर जेट विमानावरून. नाकाच्या जागी जेटच्या तोंडासारखं लंबगोल भोक, हेडलाइट त्याच्या मागे लपवलेले, आणि आत पाण्याचा सेन्सर, उघडी गाडी उभी करून तुम्ही कुठे गेलात आणि पावसाचा थेंब पडला की टप आपोआप वर! १९५१ला. याला संकल्पना काय म्हणायचं, हे स्वप्नच आहे की.

म्हणून मोटोरामाच्या गाड्यांना मी ‘स्वप्नगाडी’ म्हणेन, स्वप्ननगरी म्हणतो तसंच. ‘स्वप्नातली गाडी’ मात्र नको, कारण मराठीत त्याचा अर्थ ‘मला घ्यायचीय ती गाडी’ असा होतो, लोक ईएमआय सुरू झाला की फोटोखाली लिहितात ती. स्वप्नगाडीचं स्वप्न गिऱ्हाइकाचं नाही, कंपनीच्या स्टुडिओचं.

जीएमच्याच फायरबर्ड वनला मात्र स्वप्नगाडीपेक्षा ‘प्रायोगिक गाडी’ जास्त बसतं. एक माणूस बसेल एवढी जागा, अंग विमानाचं, पण गॅस टर्बाइन, म्हणजे जेट विमानासारखं इंजिन, रस्त्यावरच्या गाडीत चालेल का हे खरोखर तपासायचं होतं. जीएमच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचं आणखी तिसरंच. जानेवारी १९५३मधे न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरियात स्वप्नगाडी म्हणून मांडली आणि जूनअखेर फ्लिंटच्या कारखान्यात तिचं उत्पादन सुरू झालं, पहिल्या वर्षी ३०० गाड्या. म्हणजे ती मांडली तेव्हाच जवळजवळ प्रोटोटाइप, उत्पादनाआधी करून बघतात ती गाडी, होती. प्रोटोटाइपला ‘नमुना’ म्हणता येतं, फक्त वाक्य सांभाळून लिहा, नाहीतर ‘अर्लचा हा नमुना’ वाचून लोक भलतंच हसतील.

आता आयडिया कार. तिथे सरळ ‘कल्पना’ आहे, त्याला ‘सं’ लावायची गरज नाही. क्रायस्लरचा डिझायनर व्हर्जिल एक्सनर याची नॉर्समन याचं चांगलं उदाहरण, छताला पुढचे खांबच नाहीत, सगळं छत मागून तोललेलं. इटलीत तुरीनच्या घिया कंपनीनं बांधली, अमेरिकेला निघाली आणि जुलै १९५६मधे आंद्रेया दोरिया जहाज बुडालं त्याबरोबर अटलांटिकच्या तळाशी गेली. म्हणून भाषांतरात कुणी हिला ‘प्रदर्शनातली गाडी’ लिहिलं तर कापा, तिला प्रदर्शन लाभलंच नाही.

राहिला ‘व्हिजन’. दूरदृष्टी म्हणजे पुढे काय होणार हे आधी ओळखणं, आणि डिझायनरच्या व्हिजनमधे दर वेळी ते नसतं. १९५८च्या फोर्ड न्यूक्लिऑनमधे मागच्या बाजूला छोटी अणुभट्टी बसवायची होती, गाडी काही झाली नाही, छोट्या मॉडेलवरच थांबलं. याला दूरदृष्टी म्हणणं म्हणजे चेष्टा. ‘मनात काय होतं’, ‘डोळ्यांसमोर काय चित्र होतं’, फार तर ‘मूळ कल्पना’ एवढं पुरतं. पण १९५९च्या कॅडिलॅक सायक्लोनच्या नाकावर दोन काळे शंकू होते, त्यांत रडार, समोर काही आलं की चालकाला इशारा. आज चांगल्या गाड्यांत हेच मिरवतात, तेव्हा इथे दूरदृष्टी लिहा बिनधास्त.

‘ओरिजिनल’ शब्दाचीही नीट दखल घ्या, कारण काही गाड्यांचं मूळ रूप पार पुसलं गेलंय. १९५५ची लिंकन फ्युचुरा बघा. तीही घियानंच बांधलेली, निळसर पांढरा मोतिया रंग, डोक्यावर काचेचे दोन घुमट, लांबच लांब पंख. एका सिनेमासाठी ती लाल केली, पुढे गाड्यांना नवं रूप देणाऱ्या जॉर्ज बॅरिसनं १९६६च्या बॅटमॅनच्या टीव्ही मालिकेसाठी काळी करून तिची बॅटमोबील, म्हणजे बॅटमॅनची गाडी, केली, आणि आता जगाला तीच माहीत. तिच्याबद्दल लिहिताना ‘मूळ रूप’ आणि ‘मूळ कल्पना’ हे दोन शब्द वेगळे ठेवा, पहिलं म्हणजे मोतिया रंगाची गाडी, दुसरं म्हणजे डिझायनर बिल श्मिटच्या डोक्यात होतं ते.

आणि मथळ्यात जागा कमी असेल तर नुसतं ‘ड्रीम कार’ लिहा, वाचकाला अडणार नाही. फक्त पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका की ही शोरूममधे मिळणारी गाडी नव्हती.