जुनी पेट्रोल गाडी घेतली, ॲव्हरेज शहरात 11 आणि हायवेला जेमतेम 13. प्लग, ऑइल, एअर फिल्टर सगळं बदललं. निळा धूर नाही, ऑइल कमी होत नाही, सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. मेकॅनिक आता इंजिन उघडायचं म्हणतो. उघडू का?

नका उघडू. निळा धूर नाही, ऑइल कमी होत नाही, सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, हे तुम्हीच लिहिलंय. मग आत बघायचं काय? फारच शंका असेल तर आधी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) लावायला सांगा. सगळ्या सिलिंडरचे आकडे सारखे आणि पुरेसे आले, तरीही तो इंजिनकामच म्हणत असेल, तर गाडी नाही, मेकॅनिक बदला.

खरं तर मी या प्रश्नांना उत्तरं देत नाही, पण तुमचं "हायवेला जेमतेम 13" वाचून राहवलं नाही. शहरात ॲव्हरेज कुणाचंही पडतं. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या वेगांच्या चक्रात काढलेला असतो. तो सोडून द्या. पण मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगात गाडी सुधारत नसेल तर काहीतरी चुकतंय, आणि ते बहुतेक वेळा पिस्टनमध्ये नसतं. माझ्या गाडीचं हेच झालं होतं.

माझी 1200 सीसीची पेट्रोल गाडी दाजींच्या ओळखीतून आलेली. दाजींची उमेदीची वर्षं जीप आणि ट्रकच्या धंद्यात गेली, त्यामुळे घरात कुणाच्याही गाडीबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. मी साताऱ्याहून पुण्याला सारखा ये-जा करणारा माणूस, ॲव्हरेज चौदाच्या पुढे सरकेना. दाजींचं पहिलं निदान, "तुझा पाय जड आहे." नंतर, "पंपवाला मापात मारतो." नंतर इथेनॉल. इंजिन उघडायचा सल्लाही त्यांचाच होता, म्हणून तर तुमचा प्रश्न झोंबला.

या गाडीला तापमानाचा काटा नाही. इंजिन गार असेल तर निळा दिवा, पुरेसं तापलं की तो विझतो, एवढंच. थंडीत तो विझेपर्यंत आनेवाडीचा टोलनाका जवळ यायचा. त्याहून मोठी गंमत पुढे. खंबाटकीचा बोगदा ओलांडला, उताराला पाय काढून गाडी गिअरमध्ये सोडली, की दिवा परत पेटायचा! चालू गाडीचं इंजिन चालता चालता गार होत होतं. वर्कशॉपमध्ये सांगितलं तर उत्तर आलं, "साहेब, गार राहतंय हे चांगलंच की."

मग मी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. हजाराच्या आतबाहेर मिळतो, मोबाइलवर सगळं दिसतं. नीट असलेल्या गाडीत गरम झाल्यावर कूलंट, म्हणजे इंजिनभोवती फिरणारं पाणी, साधारण 85 ते 95 अंशांत राहतं. माझं हायवेला साठीच्या पुढे जाईना. दुसऱ्या मेकॅनिककडे थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं तर आत काहीच नव्हतं. आधीच्या कुणीतरी व्हॉल्व्ह काढून फेकून दिलेला आणि झाकण परत आवळलेलं.

आता यातलं कारण नीट समजून घ्या. इंजिन तापेपर्यंत थर्मोस्टॅट कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसेल तर पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी रेडिएटरमधून फिरतं, आणि हायवेचा वारा त्याला तापूच देत नाही. इसीयूला, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटतं, गाडी आत्ताच सुरू केली आहे. तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. गार ऑइल घट्ट राहतं, त्याची ओढ वेगळीच. म्हणून उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये दोष लपतो आणि थंडीत मोकळ्या रस्त्यावर उघडा पडतो. वर्षानुवर्षं असं चाललं तर न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि इंजिनकाम खरोखरच निघतं.

थर्मोस्टॅट, गॅस्केट, नवं कूलंट घातलं. हायवेचं ॲव्हरेज सोळा-साडेसोळावर आलं.

दाजींना हे अजून मान्य नाही. "थर्मोस्टॅट थंड देशासाठी असतो. आपण काय काश्मिरात राहतो? आम्ही सगळ्या जीपचे काढून टाकले होते, लाखांनी किलोमीटर पळाल्या." पळाल्या असतील. त्यात कार्बोरेटर होता, चोक हाताने ओढायचा आणि हातानेच सोडायचा. पेट्रोल किती सोडायचं हे तापमान बघून ठरवणारं कुणी बसलेलंच नव्हतं. ती अक्कल इंजेक्शनच्या गाडीला लावणं म्हणजे दळण घेऊन मिक्सरच्या दुकानात जाणं. एअर फिल्टरचंही तेच. इंजेक्शनच्या गाडीत तो थोडा मळला म्हणून ॲव्हरेज पडत नाही, जोर कमी होतो.

इथेनॉलचं म्हणाल तर तो परिणाम खरा आहे, पण हिशेबात राहा. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश. 20 टक्के मिसळलं तर सहा-सात टक्क्यांचा फरक. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी एवढाच आकडा आहे. म्हणजे 16 चे 15 होतील. 11 होणार नाहीत.

तुमच्या गाडीचं आता. आधी ॲव्हरेज नीट मोजा: ऑटो कटपर्यंत टाकी फुल, ट्रिप शून्य, दोन-तीनशे किलोमीटर, परत त्याच पंपावर ऑटो कट. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका. मग स्कॅनर लावून हायवेला कूलंटचं तापमान बघा. टायरचा साइज दारावरच्या स्टिकरशी ताडून बघा. आधीच्या मालकाने 145/80 च्या जागी 155/80 टाकले असतील तर मीटर तीनेक टक्के कमी किलोमीटर दाखवतो आणि तुम्ही उगाच रडता. थोडी गाडी चालवून, फारसा ब्रेक न मारता थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या (डिस्कला हात लावू नका, भाजेल). एकच चाक तापलं असेल तर ब्रेकचा कॅलिपर किंवा हँडब्रेक धरतोय. चढाला आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच. आधी सीएनजी किट होतं का, तेही विचारा. किट काढताना वायरिंगची वाट लावलेली असते. ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बिघडला असेल तर तेही स्कॅनरवर दिसेल.

पण थर्मोस्टॅट गायब निघाला म्हणून लगेच नवा बसवून लांब जाऊ नका, हे राहिलंच. तो बहुतेकदा गाडी तापते म्हणून काढलेला असतो. रेडिएटर चोकअप, बंद पंखा, हेड गॅस्केट, यातलं काही असेल तर नव्या थर्मोस्टॅटनंतर गाडी भर रस्त्यात उकळेल. माझ्या गाडीत रेडिएटरच्या टोपीचं रबर गेलेलं होतं. शे-दोनशेची टोपी. आणि इंजिन गरम असताना ती उघडायची नाही, हे सांगायला नकोच.

दाजींच्या दारातल्या गाडीचाही थर्मोस्टॅट काढलेलाच आहे. ती 18 देते म्हणतात. टाकी फुल करून मोजू या म्हटलं की त्यांना शेतावर काम निघतं.