वाचकांचे प्रश्न : व्हिलनचा भूतकाळ सांगू नका, बेत सांगा

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही कॉलेजची पोरं मिळून शॉर्टफिल्म करालोय, सुपरहिरोची, डार्क टाइपची. सगळं शूटिंग रात्री केलंय, किल्ला तलावाकडं, पाऊस बी मिळाला नशिबानं. व्हिलन कोण आणि त्याला काय करायचंय ते शेवटपर्यंत दाखवलंच नाही, शेवटी ट्विस्ट हाय. पण बघणारे मधेच मोबाईल काढालेत ओ. सस्पेन्स का येईना सांगा की.
— एक विद्यार्थी, अनगोळ

उत्तर : फिल्म बघितली रे मी. मेहनत दिसते, तलावाच्या पाण्यावर पडलेला दिव्यांचा उजेड तर फार छान आलाय. पण बघताना मला कळेचना की मी घाबरायचं कशाला. एक माणूस अंधारातून चाललाय, पाऊस पडतोय, म्युझिक वाजतंय, आणि तू सगळं झाकून ठेवलंयस कारण शेवटी धक्का द्यायचाय. धक्का बसतो, नाही असं नाही, पण तो एका क्षणात संपतो आणि त्याच्या आधीचा सगळा वेळ रिकामा जातो.

सस्पेन्स सिनेमांचा दिग्दर्शक हिचकॉक, त्यानं फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मुलाखत देताना हे फार सोपं करून सांगितलंय. दोघं टेबलाशी गप्पा मारतायत, टेबलाखाली बॉम्ब आहे, आपल्याला माहीत नाही, एकदम फुटतो. पंधरा सेकंदांचं आश्चर्य. आता तोच सीन, पण बॉम्ब ठेवताना आपण बघितलाय आणि भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला पंधरा मिनिटं कमी आहेत, बॉम्ब एकला फुटणार. मग त्या दोघांच्या फालतू गप्पासुद्धा आपण जीव मुठीत धरून ऐकतो, उठा की रे तिथनं असं म्हणावंसं वाटतं. म्हणजे सस्पेन्स लपवण्यातनं येत नाही, सांगण्यातनं येतो.

‘द डार्क नाइट’ (२००८) परत बघ आणि यावेळी एवढंच बघ की दिग्दर्शक नोलन आपल्याला काय काय आधीच सांगून ठेवतो. व्हिलन जोकर स्वतः जाहीर करतो की बॅटमॅननं मुखवटा काढला नाही तर रोज माणसं मरतील. शेवटाकडे दोन बोटी आहेत, एकीत साधे लोक, दुसरीत कैदी, आणि प्रत्येकीकडे समोरची बोट उडवायचं बटण. मध्यरात्रीपर्यंत कुणीच दाबलं नाही तर दोन्ही उडणार. नियम सगळ्यांना स्पष्ट सांगितलेत, बोटीवरच्यांना, आपल्याला, कुणापासून काही लपवलेलं नाही. आणि मग कॅमेरा फक्त माणसांच्या चेहऱ्यांवर फिरतो. साधे लोक चिठ्ठ्या टाकून मतदान करतात, बहुमत बटण दाबायच्या बाजूनं पडतं, पण दाबायला हात कुणाचाच उठत नाही. तिकडे एक धिप्पाड कैदी पुढं येतो, दे माझ्याकडं म्हणतो, आपल्याला वाटतं हा दाबणार, आणि तो ते बटण घेऊन खिडकीतनं बाहेर फेकतो. ना मारामारी, ना पळापळ, नुसतं घड्याळ आणि माणसं.

तू म्हणशील त्याच सिनेमात जोकरनं पत्ते बदलून सांगितल्याचा ट्विस्ट आहेच की, बॅटमॅन त्याच्या मैत्रिणीला, रेचलला, वाचवायला जातो आणि समोर सरकारी वकील हार्वी निघतो. आहे ना, पण त्याआधी आपल्याला माहीत असतं की दोघं दोन ठिकाणी बांधून ठेवलेत, वेळ संपत आलीय आणि एकच वाचेल. ताण आधी उभा केलाय, म्हणून ट्विस्ट लागतो. तुझ्याकडे ट्विस्ट आहे पण त्याच्याखाली जमीनच नाही.

आणि ‘डार्क’चा अर्थ कमी उजेड असा धरून बसू नकोस. या सिनेमातली बँक लुटायची सुरुवात भर दिवसा आहे, हॉस्पिटल उडवतो तेही दिवसा. चौकशीच्या खोलीतला सीन अंधारात सुरू होतो, पोलीस अधिकारी गॉर्डन बाहेर जातो, आणि खाडकन दिवे लागतात तर बॅटमॅन जोकरच्या मागेच उभा. त्या पांढऱ्याफटक उजेडात काळा सूट घातलेला हिरो अवघडलेला दिसतो आणि रंग उतरलेल्या चेहऱ्याचा जोकर मजेत बसलेला. लपायला जागा हिरोलाच उरत नाही, हे दाखवायला उजेडच लागतो.

मी तुझ्या जागी असते तर आपल्या बेळगावच्या दुसऱ्या रेल्वे गेटात दुपारी शूट केलं असतं. हिरोची बहीण रिक्षात बसलीय, गेट पडलंय, रिक्षावाला इंजिन बंद करून तिच्याशी बोलतोय, आणि मागच्या स्कूटरवरच्या माणसाला आपण आधीच्या सीनमध्ये व्हिलनकडून तिचा फोटो घेताना बघितलंय. रेल्वे जाईपर्यंत कुणालाच हलता येत नाही. हिरो गेटाच्या पलीकडं. मालगाडी असली तर अजून बरं, डबे संपतच नाहीत. परवानगी घेऊन कर, रुळांच्या जवळ कुणी जायचं नाही, डबे गेटाबाहेरून आणि लांबूनच घ्यायचे. बघणारा मोबाईल काढणार नाही बघ.

प्रश्न : मी तंबाखूच्या धंद्यातला माणूस, पण सिनेमाचं वेड जुनं. घरात वाद आहे. मुलगा म्हणतो जोकरसारखा व्हिलन झाला नाही, मी म्हणतो गब्बर. शिवाय हल्ली प्रत्येक व्हिलनचं दुःखी बालपण दाखवतात, ते मला काही पटत नाही. माझं चुकतंय का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : अजिबात चुकत नाही, आणि वाद मिटवायचा तर दोघांचं म्हणणं एकच आहे असं माझं मत.

‘शोले’ (१९७५) आठवा. गब्बरबद्दल लोक आधी बोलतात, तो येतो बराच उशिरा, आणि येतो तो भर उन्हात, त्या मोठमोठ्या खडकांवर. ते खडक आपल्याच कर्नाटकातले, रामनगरचे. हरून आलेल्या तीन माणसांसमोर तो पिस्तुलातल्या तीन गोळ्या हवेत उडवतो, तीन ठेवतो, चक्र फिरवतो आणि एकेकाच्या डोक्याला लावून चाप ओढतो. हिशेब आपल्यासमोर केलेला असतो हे लक्षात घ्या. तिघंही वाचतात, तो हसायला लागतो, मग ते हसतात, सगळी टोळी हसते, आपल्यालाही हायसं वाटतं, आणि मग गोळ्या सुटतात. हा माणूस असा का झाला हे सिनेमा सांगत बसत नाही. आणि इतक्या वर्षांत कुणी तक्रार केली नाही की गब्बरचं बालपण का दाखवलं नाही.

जोकरचं तर याहून पुढचं. तोंडावरच्या जखमांची गोष्ट तो स्वतःच सांगतो. एका गुंडाला सांगताना त्यात दारुडा बाप आणि स्वयंपाकघरातला चाकू असतो, रेचलला सांगताना बायको आणि सावकार असतात, ब्लेडनं स्वतःच स्वतःचं तोंड फाडलं म्हणतो. पहिली ऐकून आपल्याला त्याची थोडी कीव येते, दुसरी ऐकली की कळतं आपल्याला बनवलंय, आणि तिथनं पुढं हा माणूस आपल्या कुठल्याच चौकटीत बसत नाही. शेवटी बॅटमॅनला तिसऱ्यांदा सांगायला जातो तर तो ऐकूनच घेत नाही. भूतकाळ कळला की आपण व्हिलनला समजून घेतो, समजलं की भीती कमी होते, सरळ आहे. म्हणून लेखकानं व्हिलनचं मागचं झाकावं आणि पुढचं, म्हणजे त्याचा बेत, जितका उघडा ठेवता येईल तितका ठेवावा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, अर्धा तास बालपण आणि बेत मात्र गुलदस्त्यात.

हे काही हॉलिवूडनं शोधलेलं नाही. ‘ऑथेल्लो’मधला इयागो घ्या, बढती मिळाली नाही म्हणतो, मग बायकोवर संशय आहे म्हणतो, कारणं देतो पण एकही पुरं पडत नाही, आणि शेवटी पकडल्यावर मला काही विचारू नका, मी आता बोलणार नाही म्हणून गप्प होतो. पण त्याचा बेत? तो मात्र पहिल्यापासून प्रेक्षकांकडे तोंड करून सांगत असतो, स्टेजवरच्या कुणालाच माहीत नसतं आणि आपल्याला सगळं माहीत असतं. या नाटकावरनं गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये ‘झुंझारराव’ केलं, आणि देवलांचं शिक्षण आपल्या बेळगावातलं, मास्तरकीही इथलीच. मला याचा फार अभिमान वाटतो, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या जिल्ह्यातच बैलहोंगल भागात ‘संग्या बाळ्या’ या सण्णाटाचे, म्हणजे लोकनाट्याचे, प्रयोग होतात, कन्नडमधनं. संग्याचं शेवटी काय होणार ते लोकांना पाठ असतं. तरी रात्र रात्र बसतात. काय होणार हे माहीत असलं की माणूस कधी आणि कसं होणार यात अडकतो.

आता मुलगा म्हणेल २०१९ च्या ‘जोकर’मध्ये सगळा भूतकाळच आहे आणि वाकिन फिनिक्सला त्याच्यासाठी ऑस्कर मिळालं. बरोबर आहे, पण तिथं तो व्हिलन नाही हो, सिनेमा त्याचाच आहे, आपण त्याच्याबरोबर चालतो. नायकाचा भूतकाळ लागतोच.

आणखी एक राहिलं, खरं तर तेच मोठं. व्हिलन लक्षात राहतो तो हिरोच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो म्हणून. बॅटमॅनचा एकच नियम, जीव घ्यायचा नाही. जोकरला ना पैसा हवाय ना गाव, पैशाचा ढीग तो जाळून टाकतो, त्याला फक्त हा नियम मोडायला लावायचाय. चौकशीच्या खोलीत बॅटमॅन त्याला मारतो, भिंतीवर आपटतो, आणि जोकर हसतो, कारण एवढ्या ताकदीचा काही उपयोगच नाही. ठाकूरचं बघा, पोलीस अधिकारी, त्या हातांनी गब्बरला पकडलं आणि गब्बर नेमके तेच हात तोडतो. दुसरा कुठला व्हिलन आणून बसवला तर हा सिनेमा उभाच राहणार नाही, आणि दुसरा हिरो आणला तरी नाही.

प्रश्न : ‘द डार्क नाइट’मधल्या जोकरच्या रोलमुळंच हीथ लेजर मेला म्हणतात, खरं का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही. लेजर २२ जानेवारी २००८ ला गेला, वय २८. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांचं मिश्रण चुकून जास्त झालं, अपघाती मृत्यू, असा तपासणीचा निष्कर्ष आहे. सिनेमा त्यानंतर जुलैमध्ये लागला आणि पुढच्या वर्षी त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मरणोत्तर मिळालं, म्हणून लोकांनी दोन गोष्टी जोडल्या. त्यानं रोलसाठी स्वतःला हॉटेलच्या खोलीत कोंडून घेऊन आवाज आणि हसणं शोधलं, डायरी ठेवली, हे खरं आहे, पण ते कामाची तयारी म्हणून. एवढ्या मेहनतीच्या माणसाची आठवण अशा अफवेनं काढू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मुलगा चौथीत आहे, ‘द डार्क नाइट’ बघू का म्हणून मागं लागलाय. दाखवू का?
— एक आई, चिकोडी

उत्तर : थांबा अजून. अमेरिकेत त्याला पीजी-१३ आहे, म्हणजे तेराच्या आतल्या मुलांबाबत पालकांनी विचार करावा. रक्त फारसं दिसत नाही हे खरं, जोकर टेबलावर पेन्सिल उभी करतो तो प्रसंगसुद्धा डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. पण न दिसलेलंच मुलांच्या डोक्यात राहतं. हार्वीचा भाजलेला अर्धा चेहरा आणि गॉर्डनच्या लहान मुलावर रोखलेलं पिस्तूल, या दोन गोष्टी चौथीतल्या मुलाला जड जातील. मोठा झाला की शेजारी बसून बघा.

प्रश्न : आमच्या ग्रुपनं बेळगावातला सुपरहिरो लिहिलाय, मराठी. व्हिलनला कन्नड बोलायला लावलं की लोकांना लगेच राग येईल, टाळ्या पडतील असं एकाचं म्हणणं. मला बरं वाटेना. काय करावं?
— एक वाचक, शहापूर

उत्तर : तुला बरं वाटत नाही ते योग्यच आहे, आणि मी नुसतं सलोख्यासाठी म्हणत नाही. लिखाण म्हणूनही ते कच्चं आहे. भाषेवरनं राग आणला की तो राग प्रेक्षक घरातनंच घेऊन आलेला असतो, तुमच्या व्हिलननं त्यासाठी काहीच केलेलं नसतं. मग तो एक माणूस राहत नाही, आणि लक्षात तर माणूसच राहतो. शिवाय दार उघडून बघ की, आपल्या गल्लीत दुकानात कन्नड, घरात मराठी, रिक्षात दोन्ही, एकाच वाक्यात दोन्ही. तुमचा हिरो नुसती मराठीच बोलला तर तोच खोटा वाटेल.

त्यापेक्षा व्हिलन हिरोच्या ओळखीतला करा. दोन्ही भाषा सारख्याच सफाईनं बोलणारा, हिरोच्या आईशी मराठीत, भाजीवाल्या अज्जीशी कन्नडमध्ये, दोघींनाही आवडणारा. आणि हे फक्त प्रेक्षकाला माहीत की हाच तो. आई त्याला चहा प्यायला आत बोलावते तो सीन लिहून बघा, आणि तिथं म्युझिक ठेवू नका.

आवाजाचं मात्र ठरवा. कन्नडमध्ये वज्रमुनी होते, नटभैरव म्हणायचे त्यांना, आवाज लावला की थिएटर दणाणायचं. मराठीत निळू फुले, ते आवाज खाली आणायचे, हळू बोलायचे आणि समोरच्याला पुढं वाकून ऐकायला लावायचे. दोन्ही आपल्याकडच्या लोकांनी मनसोक्त बघितलेत. तुमच्या मित्रांपैकी जो हे काम करणार त्याला कुठलं जमतंय ते चहाच्या सीनवरच तपासा, माझा कौल खालच्या आवाजाला. दुसरा खर्डा झाला की पाठवून द्या, वाचते.