शिक्षकांच्या आठवणी : मनापासूनच्या की समारंभापुरत्या?

प्रश्न : नामवंत व्यक्ती शिक्षकांचे ऋण जाहीरपणे मान्य करतात, ते मनापासून असते की केवळ औपचारिकता म्हणून?

उत्तर : दोन्ही प्रकार आढळतात आणि त्यांतील फरक बहुधा तपशिलावरून ओळखता येतो. ‘गुरूंमुळेच मी घडलो’ हे वाक्य कोणीही म्हणू शकतो. परंतु नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडे स्टेडियमवर निरोप घेताना सचिन तेंडुलकर यांनी सांगितले की, रमाकांत आचरेकर सर आपल्याला स्कूटरवरून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत असत आणि शिष्य गाफील राहू नये म्हणून २९ वर्षांत त्यांनी एकदाही ‘छान खेळलास’ असे म्हटले नाही. कौतुक न करणाऱ्या गुरूचे हे कौतुक ठरीव भाषणात सहसा सापडत नाही.

डॉ. अब्दुल कलाम यांनाही शाळेतील शिक्षक शिवसुब्रमण्य अय्यर आठवत, ते फळ्यावरच्या धड्यापेक्षा समुद्रकिनारी दाखवलेल्या पक्ष्यांच्या उड्डाणामुळे.

मला स्वतःला फ्रेंच लेखक अल्बेर काम्यू यांचे उदाहरण अधिक विश्वसनीय वाटते. १९५७ मध्ये नोबेल जाहीर झाल्यावर त्यांनी आपले प्राथमिक शाळेतील शिक्षक लुई जेर्मँ यांना खासगी पत्र लिहिले आणि ‘आईनंतर पहिली आठवण तुमचीच झाली’, असे कळवले. वडील महायुद्धात गमावलेल्या त्या गरीब मुलाला जेर्मँ यांनी जादा शिकवणी देऊन शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवले होते. पत्र लिहिताना समोर श्रोते नव्हते, हे येथे महत्त्वाचे.