खोलीच दिली नाही, तर आगाऊ रक्कम कोणाची?

प्रश्न : मी देवगड तालुक्यात शिक्षिका आहे. बाबांच्या ऑपरेशनसाठी सहा रात्री मुंबईत राहायचं होतं. शेजारच्या वाडीतलं एक कुटुंब दादरच्या आपल्या फ्लॅटमधल्या दोन खोल्या निवास-न्याहारी म्हणून पाहुण्यांना देतं. रोजचे २,५०० याप्रमाणे १५,००० रुपये माझ्या भावाने पुण्याहून यूपीआयने आगाऊ भरले. कोकणकन्येने पहाटे दादरला उतरून तिथे पोचलो, तर वॉचमनने गेटवरच अडवलं आणि 'फ्लॅटमध्ये पैसे घेऊन पाहुणे ठेवण्यास बंदी' अशी सोसायटीची नोटीस दाखवली. मालक काका खाली आले. म्हणाले, डोंबिवलीला मेव्हण्याचा फ्लॅट रिकामा आहे, तिकडे जा. बाबांना घेऊन तिथून रोज परळला ये-जा करणं शक्य नव्हतं. शेवटी परळला ४,२०० रुपये रोजाने हॉटेलात राहिलो. आता काका म्हणतात, 'आगाऊ रक्कम परत मिळत नाही हे मेसेजमध्ये लिहिलं होतं. पुढच्या खेपेला या, तेव्हा वळते करू.' भाचा म्हणतो, ४२०ची केस टाका आणि पाच लाख मागा. आई म्हणते, गावची माणसं आहेत, गणपतीत तोंडासमोर येणार, सोडून द्या. काय करावं?

उत्तर : ताई, बाबांना आता बरं वाटत असेल अशी आशा करतो. तुमचे १५,००० रुपये तुम्हाला पूर्ण परत मिळायला हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 'आगाऊ रक्कम परत मिळणार नाही' ही अट पाहुण्याने ऐनवेळी बेत रद्द केला तर मालकाची खोली रिकामी पडून नुकसान होऊ नये यासाठी असते. तुम्ही बेत रद्द केला नव्हता, बॅगा घेऊन गेटवर उभ्या होता. खोली देणं ज्यांच्याकडे होतं त्यांनाच ती देता आली नाही. करार ज्याने मोडला, त्याला त्याच करारातली अट पुढे करून पैसे ठेवून घेता येत नाहीत. पैसे पुढच्या खेपेला वळते करून घेणं तुम्हाला सोयीचं असेल तर खुशाल घ्या, पण तशी सक्ती ते करू शकत नाहीत.

काका असंही म्हणतील की आमचं घर आहे, लॉज नाही, आम्हाला कसला ग्राहक कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवा' म्हणजे काय हे सांगताना राहण्या-जेवणाच्या सोयीचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. खोल्या दोन की दोनशे, याने फरक पडत नाही. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत तर मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायचं आणि सहापेक्षा जास्त खोल्या द्यायच्या नाहीत, हीच अट आहे. म्हणजे घरगुतीपणा हे या व्यवसायाचं स्वरूप झालं, त्यातून जबाबदारी सुटत नाही. कायद्याने वगळली आहे ती फुकट दिलेली सेवा. लालबागला मामाच्या खोलीवर उतरायला गेलात आणि मामा कुलूप लावून गावी गेलेला असला, तर ग्राहक आयोगाकडे जाता येणार नाही. इथे तुम्ही रोजचे २,५०० मोजलेत.

तुम्ही पाठवलेला नोटिशीचा फोटो मी मोठा करून पाहिला. खाली सेक्रेटरींची सही आणि सोसायटीचा शिक्का आहे, आणि तारीख तुमच्या भावाने पैसे पाठवले त्याच्या बारा दिवस आधीची आहे. तुमच्या प्रकरणातला सगळ्यात वजनदार कागद हाच. पैसे घेताना ही बंदी काकांना ठाऊक असायला हवी होती, आणि ठाऊक असून त्यांनी ती सांगितली नसेल, तर हे सेवेतल्या त्रुटीच्या पुढे जातं. त्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणता येईल. सोसायटीला अशी बंदी घालता येते की नाही, हा काकांचा आणि सोसायटीचा वाद. तो सहकार न्यायालयात जाईल किंवा आपसात मिटेल. तुमचा करार सोसायटीशी नव्हता, तेव्हा तिला पक्षकार करून प्रकरण लांबवू नका.

डोंबिवलीचा फ्लॅट नाकारला म्हणून तुमची बाजू कमकुवत होत नाही. 'परळच्या हॉस्पिटलजवळ हवी, बाबांना चालवत नाही' हा तुमचा पहिलाच मेसेज आहे आणि त्यावर काकांचं 'काळजी नको' असं उत्तर आहे. खोली कुठे आहे हाच या व्यवहाराचा गाभा होता. ऑपरेशनच्या रुग्णाला गर्दीच्या लोकलमध्ये चढवायला सांगणं ही पर्यायी सोय नव्हे. हे वाचताना मला मनापासून वाईट वाटलं.

आता किती मागायचं ते. हॉटेलचं बिल सहा रात्रींचं २५,२०० झालं. ते सगळं आणि वर १५,००० असं मागू नका, कारण मग तुमचं मुंबईतलं राहणं फुकट झालं असा अर्थ होईल. ठरल्याप्रमाणे खोली मिळाली असती तरी १५,००० खर्च होणारच होते. म्हणून १५,००० परत आणि वरचा फरक १०,२००, असे एकूण २५,२०० रुपये, त्यावर व्याज, शिवाय मानसिक त्रास आणि तक्रारीच्या खर्चापोटी माफक रक्कम. करार मोडल्यावर झालेलं नुकसान मागताना ते आटोक्यात ठेवायचा प्रयत्न आपणही केला हे दाखवावं लागतं. हॉस्पिटलच्या जवळचं साधं हॉटेल त्यात बसतं. भाच्याचे पाच लाख विसरा. फुगवलेल्या मागणीमुळे खऱ्या मागणीवरचाही विश्वास उडतो.

४२०चंही तसंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. त्यासाठी पैसे घेतानाच बुडवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. नोटिशीची तारीख काकांना अडचणीची आहे हे खरं, पण 'सोसायटी ऐकेल असं वाटलं' असं ते म्हणू शकतात आणि ते खरंही असू शकतं. पोलीस ठाण्यात तुमचे महिने जातील आणि पैसे तिथून मिळणार नाहीत. माझ्या मते हा रस्ता धरू नये.

ग्राहक तक्रार मात्र सोपी आहे. नव्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, तेव्हा मुंबईला खेपा घालायला नकोत. सिंधुदुर्गनगरीचा जिल्हा आयोग चालेल. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील सक्तीचा नाही, आणि सुनावणी व्हिडिओवर घ्या असा अर्ज करता येतो. मदत हवी असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. सामनेवाल्यांना लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे, पण तितकं थांबायचं कारण नाही.

पैसे भावाच्या खात्यातून गेले आहेत, म्हणून तक्रारीत दोघांचीही नावं घाला. त्याच्या बँकेचा उतारा, हॉटेलची बिलं, हॉस्पिटलची कागदपत्रं जोडा. व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजच्या प्रती काढाल, पण मूळ चॅट पुसू नका आणि फोन विकू नका. या प्रती फोनमधल्या मूळ मेसेजच्याच आहेत असं सांगणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत दिलेलं बरं. काकांना चौघांच्या आधारचे फोटो पाठवले होते, ते पुसून टाकायला सांगा. पुढच्या वेळी फक्त शेवटचे चार आकडे दिसतात ते मास्क्ड आधार द्या.

आईंचं म्हणणं मी हलकं समजत नाही. मुंबईतल्या चाकरमान्याच्या भरवशावर आपण किती पिढ्या तिथे उतरलो, शिकलो, औषधपाणी केलं. पण मनात अढी ठेवून गणपतीत एकमेकांना प्रसाद देण्यापेक्षा आत्ताच सरळ मागितलेलं बरं. नोटीस म्हणजे वैर नव्हे. वकिलाच्या लेटरहेडवर नको, स्वतःच्या हाताने लिहा :

'काका, सप्रेम नमस्कार. ठरलेली खोली तुम्ही देऊ शकला नाहीत. सोसायटीची बंदी पैसे घेण्याआधीची होती. आगाऊ दिलेले १५,००० आणि हॉटेलचा जादा खर्च १०,२००, असे २५,२०० रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत भावाच्या खात्यावर पाठवावेत. नाही तर ग्राहक आयोगाकडे जावं लागेल.'

हॉटेलच्या बिलांची झेरॉक्स जोडून स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद करा. पुष्कळदा एवढ्यावर पैसे येतात. ते फक्त १५,००० द्यायला तयार झाले, तर घ्यायचे की नाही हे तुम्ही आणि भावाने ठरवा. घेतलेत आणि फरकाचा हक्क सोडायचा नसेल, तर 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका.