पहिल्या चौदा प्रती

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

फवारणी करणाऱ्यांवरच्या तुझ्या फोटो-पुस्तकाची डमी, म्हणजे छपाईआधीचा नमुना, पोचली. रात्री जेवण झाल्यावर दोनदा चाळली, सकाळी उजेडात पुन्हा पाहिली. पन्नास प्रती काढू की शंभर, आणि प्रत्येकीवर क्रमांक टाकू का, असं तू विचारलंस. क्रमांक जरूर टाक. पण मोजणी घरांपासून सुरू कर. तुझ्या पुस्तकात चौदा घरांतली माणसं आहेत. एक ते चौदा हे क्रमांक त्यांचे. ते वाटून झाल्याशिवाय पंधरावी प्रत पुण्याला जाता कामा नये.

मी हे केलं नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी वर्ध्याकडच्या एका गावात कापूस वेचणाऱ्या बायांचे फोटो काढले. पुस्तक झालं, मुंबईत प्रदर्शन झालं, साऱ्या प्रती संपल्या. तीन वर्षांनी त्या गावी गेलो तेव्हा मुखपृष्ठावरच्या बाईनं चहा पुढं केला आणि म्हणाली, “माहा फोटो साऱ्या दुनियेनं पायला, मलेच नाई दिसला.” माझी स्वतःची प्रत दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. तिनं आधी पदराला हात पुसले, मग एकेक पान उलटत शेजारणींची नावं घेत गेली. त्यातल्या दोघी तोवर वारल्या होत्या. ते पुस्तक त्यांच्या हाती कधी पडलंच नाही, हे मला अजून सलतं.

आता तुझ्या विषयाकडे येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा थेट तोंडावर येत होता. तेव्हा कॅमेरे आले ते दवाखान्यातल्या खाटांपाशी. तुझ्या डमीत पान २१ वर तसाच एक फोटो आहे. तो काढून टाक. खाटेवर पडलेला माणूस आपण पुष्कळ पाहिला. त्याला तिथवर नेणारी सकाळ कुणी पाहिली नाही. ती तुझ्याकडे आहे: पाठीवरचा पंप, तोंडाला बांधलेला ओला दुपट्टा, बादलीत काडीनं ढवळलेली दोन औषधं, शेताच्या बांधावर तशाच हातांनी सोडलेली शिदोरी. हाच क्रम ठेव.

आणि औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीचा तो फोटो! त्याला तू कोपऱ्यात टपाल-तिकिटाएवढी जागा दिलीस. त्याला समोरासमोरची दोन पानं दे. डावीकडे चिठ्ठी खऱ्या मापात छाप, म्हणजे अक्षर किती बारीक आहे ते कळेल. उजवीकडे तोच मजकूर मोठ्या टायपात, आणि विष किती जहाल ते सांगणारा तो रंगीत त्रिकोणही मोठा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हे फवारणाऱ्या किती जणांना कुणी समजावून सांगितलंय? पुस्तकाच्या वरच्या कोपऱ्याला एक भोक पाडून सुतळी ओव, म्हणजे ते कॅलेंडरसारखं गोठ्यातल्या खुंटीला अडकवता येईल. काचेच्या कपाटातल्या पुस्तकापेक्षा मला ते जास्त आवडेल.

छपाईचं थोडक्यात. मध्ये टाचायचं तर पानं चारच्या पटीत लागतात. तुझी ३० आहेत, ३२ कर. ए-फोर कागद दुमडून ए-फाइव्ह होतो, म्हणजे आठ कागद. पंपवाल्याचा आडवा फोटो तू १० आणि ११ वर टाकलास. तिथं त्याचा चेहरा बरोबर घडीत जातो, शिवाय ही दोन पानं वेगवेगळ्या कागदांवर छापली जातात, जुळतीलच असं नाही. १६-१७ हे मधलं पान एकसंध असतं, तिथं हलव. आतली पानं दुमडल्यावर बाहेर येतात आणि कटिंगमध्ये जातात, म्हणून कडेला मजकूर चिकटवू नकोस. जाड कागदाचा मोह टाळ. डिजिटल छपाईत तो घडीवर तडकतो आणि काळ्या फोटोवर पांढरी रेघ उमटते. स्क्रीनवर दिसणारी सावली कागदावर मिटून काळी होते, तेव्हा एक पान आधी छापून उन्हात धरून बघ.

मराठी मजकुराला विशेष जप. छापखान्यात तुझा युनिकोड जुन्या फॉन्टमध्ये बदलला की ‘पऱ्हाटी’तला र हमखास तुटतो. मी पाहिलंय, अख्ख्या पुस्तकात एकच शब्द चुकीचा, आणि तोच गावाला सर्वांत जवळचा. फॉन्ट आत घातलेली पीडीएफच दे, आणि शेवटचं प्रूफ गावातल्या कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घे. माणसांचं बोलणं वऱ्हाडीतच राहू दे. ‘मले’चं ‘मला’ करू नकोस.

संमतीचा कागद तुझ्याकडे आहे, पण ती संमती फोटो काढताना घेतलेली आहे. डमी हातात देऊन पुन्हा विचार. संध्याकाळी जा, वेचणीवरून बाया घरी आल्यावर. कोणी ‘हा नको’ म्हटलं तर तिथंच पान फाड, कारण विचारू नकोस.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून फुकट मिळतो, घे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावी लागते, तीही टाळू नकोस. प्रती थोड्याच असल्या की पाचदहा वर्षांत त्या विखुरतात, तिथं मात्र एक सापडते. तालुक्याच्या वाचनालयाला एक, आशाताईला एक, औषधं विकणाऱ्या कृषी केंद्रालाही एक. शहरात किंमत जरा चढी ठेव, त्यातून गावातल्या प्रतींचा खर्च निघेल.

पुढच्या रविवारी ये. दाभण आणि मेण माझ्याकडे आहे, जाड दोरा तेवढा तू घेऊन ये. पहिल्या चौदा आपण हातानंच शिवू.

तुझा,
काका